दसऱ्याच्या सुट्टीत मुंबई की मंगळूर? बेळगावकडच्या घरांसाठी

आपल्या मुलांना दसऱ्याची सुट्टी लागली की घरात समुद्राचा विषय निघतोच. गोवा आपलं परसदार. चोर्ला घाट उतरला की आलंच, त्यासाठी सुट्टी कशाला हवी? चार दिवस हातात असतील तर प्रश्न उरतो तो मुंबई की मंगळूर. दोन्हीकडे मी घरच्यांना घेऊन गेले आहे. शाळकरी मुलं असतील तर मी मुंबई सांगेन, गुडघ्यांनी हैराण झालेली आई किंवा सासूबाई बरोबर असतील तर मंगळूर.

प्रवास दोन्हीकडे रात्रभराचाच. मुंबईसाठी चालुक्य किंवा शरावती एक्स्प्रेस मिरज, पुणे करत दादरला पोचवते. कुठल्या वारी कुठली गाडी आहे ते बघून तिकीट लवकर काढा. निपाणी-संकेश्वरकडच्यांना हायवेवरून रात्रीची बसच बरी. मंगळूरला बसच धरायची, आणि इथं आपल्या बायकांचा मोठा फायदा आहे. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकच्या साध्या आणि वेगदूत (एक्स्प्रेस) बसला बायकांना तिकीट नाही. फक्त आधारकार्डावर कर्नाटकातला पत्ता हवा. राजहंस किंवा स्लीपरला ही सवलत लागू नाही, त्यामुळे रात्र बसून काढायची तयारी ठेवा. आम्ही घरातल्या तिघी गेलो तेव्हा जे पैसे वाचले, त्यात एका रात्रीची खोली भागली. मुंबईत राहण्याचा खर्चच सगळ्यात जड जातो. दादरला नातेवाईक असतील तर कुंद्याचा डबा घेऊन त्यांच्याकडेच उतरावं.

मुंबईत मुलांना काय दाखवायचं म्हणाल, तर माझ्या मते सगळ्यात आधी घारापुरी. गेटवेहून बोटीनं तासाभराचा प्रवास, मग शंभरावर पायऱ्या, आणि वर बेसॉल्टच्या डोंगरात कोरलेली लेणी. साधारण सहाव्या शतकातली. आतल्या अंधाराला डोळे सरावले की समोर तीन मुखांचा सदाशिव उभा राहतो, जवळजवळ वीस फूट उंच. माझा मुलगा तिथं पहिल्यांदा गप्प झाला. बदामी-ऐहोळे पाहिलेल्या आपल्या मुलांना ही लेणी परकी वाटत नाहीत. ऐहोळ्याच्या ६३४ सालच्या शिलालेखात चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीनं पश्चिम समुद्राची लक्ष्मी असलेली ‘पुरी’ जिंकल्याचं लिहिलं आहे, आणि ती पुरी म्हणजे हीच घारापुरी असं काही अभ्यासक मानतात. बोटीत बसल्यावर मुलांना हे सांगा, तास कसा जातो कळत नाही. लेणी सोमवारी बंद असतात, तेवढं मात्र आधी बघून घ्या. १९८७ मध्ये त्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तोच मान छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला २००४ मध्ये मिळाला. आत शिरण्याआधी समोरच्या फुटपाथवरून ती इमारत निवांत न्याहाळा. दगडातले पशुपक्षी शोधण्यात मुलं अर्धा तास रमतात.

आणि हुतात्मा चौक. दर १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना आपण इथं बेळगावात अभिवादन करतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबईत प्राण दिलेल्यांचं स्मारक त्या चौकात आहे. माझे वडील तिथं चप्पल काढून उभे राहिले होते. प्रवासी सहसा तिथल्या फ्लोरा फाउंटन कारंज्याचा फोटो काढून पुढे जातात, आपण जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. आता भुयारी मेट्रोला हुतात्मा चौक नावाचं स्थानकही आहे, आणि दादर, सिद्धिविनायक त्याच मार्गावर आहेत. मुलांना घेऊन सकाळच्या गर्दीत लोकलमध्ये चढण्यापेक्षा ही मेट्रो कितीतरी बरी. राणीच्या बागेत पेंग्विन बघायला मुलं हट्ट धरतीलच. बुधवारी तिथं सुट्टी असते. महाराष्ट्रातल्या शाळांची मोठी सुट्टी दिवाळीला असते, त्यामुळे दसऱ्याला सहलीची गर्दी तुलनेनं कमी मिळते. ऑक्टोबरचा उकाडा मात्र सोसावा लागतो. पुलांचे जिने आणि सततचं चालणंही आहे, म्हणूनच थकलेल्या माणसांना मी मुंबईला नेणार नाही. घारापुरीला डोली मिळते, बाकी ठिकाणी कुठली मिळायला!

मंगळूरला पाहण्यासारखं मुंबईइतकं नाही, ते मान्य करूनच निघावं. पण दसऱ्याच्या दिवसांत ते शहर सजलेलं असतं. कुद्रोळीचं गोकर्णनाथ मंदिर १९१२ मध्ये केरळचे संत-समाजसुधारक नारायण गुरूंनी स्थापलं. नवरात्रात तिथं शारदा आणि नवदुर्गांच्या मूर्ती बसतात, आणि रस्त्यांवर अंगाला पिवळेकाळे पट्टे रंगवलेले पिलिवेषवाले ताशावर नाचत असतात. तिथल्या तुळू भाषेत पिलि म्हणजे वाघ. कद्रीचं मंजुनाथाचं देऊळ तर आपल्या नाथपंथाशी जोडलेलं आहे. दर बारा वर्षांनी त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थानंतर नाथयोग्यांची झुंडी, म्हणजे जथा, पायी चालत कद्रीच्या मठात येते. देवळातली लोकेश्वराची पंचधातूची मूर्ती ९६८ सालची आहे. सासूबाई तिथल्या ओट्यावर तासभर टेकल्या, घाई कुणालाच नव्हती.

सेंट अलॉयशियसच्या चॅपलमध्ये भिंती-छतांवर जेझुइट या ख्रिस्ती संघातल्या मोस्केनी या इटालियन ब्रदरनं रंगवलेली चित्रं आहेत, ती चुकवू नका. आपल्या जुन्या घरांवरची मंगळुरी कौलं १८६५ मध्ये बासेल मिशन या ख्रिस्ती मिशननं इथंच नेत्रावतीच्या काठी पाडायला सुरुवात केली, हे कळल्यावर गावाकडच्या घराचं छप्पर वेगळंच दिसायला लागतं. पणंबूरला वाळूत बसून बंदरात शिरणारी जहाजं बघावीत. पाण्यात उतरताना जीवरक्षकांचं ऐका.

बोलण्याची अडचण दोन्हीकडे येत नाही. मुंबईत आपली मराठी, मंगळुरात कानडी, आणि खानापूरकडच्यांना कोंकणीही थोडीफार कळते. खाण्यात मात्र मी मंगळूरच्या बाजूची. पातळ, मऊ नीर डोसा दात नसलेल्या माणसालाही चालतो, आणि गोळीबजे, गडबड आइस्क्रीम मुलांना. दादरचं थालीपीठ नि पियूष छानच, पण ते घरीही होतं.

घरात मुलंही आहेत आणि आजीही, असं असेल तर मंगळूर धरा आणि परतताना एक दिवस मुर्डेश्वरला थांबा. तिथल्या वीस मजली गोपुराला लिफ्ट आहे. आजीही वर येते, आणि खिडकीतून १२३ फुटी शंकर आणि तिन्ही बाजूंचा समुद्र एकदमच दिसतो.