स्थानिक उपभोगाचा पर्यावरणीय ठसा: वरून मोजायचा की खालून?

समजा, एका नगरपालिकेने सगळ्या बस विजेवर आणल्या. वर्षभराने पर्यावरणीय ठशाचा नवा आकडा आला आणि तो जागचा हलला नाही. बस बदलल्याचा परिणाम झाला होता, पण निवडलेल्या पद्धतीला तो दिसूच शकत नव्हता. ती पद्धत देशाची सरासरी घेऊन लोकांच्या खर्चाप्रमाणे वाटून देते, आणि तिकिटावरचा खर्च तर तेवढाच राहिला. म्हणून पद्धत ठरवताना अचूकतेच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा: आपण जे बदलणार आहोत, ते या मोजमापात उमटेल का?

ठसा म्हणजे आपल्या उपभोगासाठी लागणारी सामग्री पुरवायला आणि त्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायला किती उत्पादक जमीन-पाणी लागतं त्याचा हिशेब. विल्यम रीस आणि मॅथिस वॅकरनागेल या संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो मांडला. शेतजमीन, चराऊ जमीन, जंगल, मासेमारीचं क्षेत्र, बांधकामाखालची जमीन आणि कार्बन शोषणारं जंगल असे त्याचे सहा भाग. सगळे ‘जागतिक हेक्टर’, म्हणजे जगाच्या सरासरीइतकी उत्पादकता असलेला हेक्टर, या एकाच एककात आणले जातात. सरासरी शेतजमिनीचा एक हेक्टर साधारण अडीच जागतिक हेक्टर भरतो, चराऊ जमिनीचा अर्ध्याच्या आसपास.

वरून खाली: राष्ट्रीय आकड्याची वाटणी

इथे देशाचा दरडोई ठसा घेतात आणि अन्न, घर, प्रवास, वस्तू, सेवा अशा गटांत मांडलेला उपभोग-जमीन तक्ता, म्हणजे कोणत्या गटासाठी कोणती जमीन किती लागते याची मांडणी, वापरतात. मग घरखर्चाच्या सर्वेक्षणातून प्रत्येक गटासाठी स्थानिक खर्च आणि राष्ट्रीय खर्च यांचं गुणोत्तर काढून त्याने गुणतात. सरकारी खर्च आणि रस्ते-पूल यांसारखी भांडवली गुंतवणूक सर्व रहिवाशांवर दरडोई सारखी टाकतात. आकडे हाताशी असतील तर काही आठवड्यांत काम उरकतं, आणि एकूण बेरीज राष्ट्रीय हिशेबाशी जुळलेली राहते. हा तिचा मोठा गुण.

चुका मात्र ठरावीक जागी होतात. पहिली भावांतल्या फरकाची. शहरात घरभाडं राष्ट्रीय सरासरीच्या दुप्पट असेल, तर न सुधारलेला हिशेब घराचा ठसाही दुप्पट दाखवतो. प्रत्यक्षात घर कदाचित लहानच असतं. घरासाठी रुपयांऐवजी चौरस मीटर आणि विजेची युनिटं घ्या, बाकी गटांना स्थानिक किंमत निर्देशांकाने भागा. दुसरी चूक नमुन्याची. राष्ट्रीय सर्वेक्षणात एका शहराच्या वाट्याला मोजकीच घरं येतात. ‘अन्न’ या गटाला ती पुरतात, ‘मासे’ या उपगटाला पुरत नाहीत. दोन-तीन वर्षांचे नमुने एकत्र करा, नाहीतर उपगट छापूच नका.

अनेक प्रदेशांचे इनपुट-आउटपुट तक्ते, म्हणजे कोणतं क्षेत्र कोणाकडून किती माल घेतं याची देशोदेशींची नोंद (एक्झिओबेस किंवा इओरा यांसारखी), याच कुळातले. आयात मालाचा ठसा तो ज्या देशात तयार झाला तिथल्या उत्पादनपद्धतीनुसार धरला जातो, साखळी मध्येच तुटत नाही, आणि सेवांसारख्या न दिसणाऱ्या गोष्टी सुटत नाहीत. आयातीवर जगणाऱ्या शहरासाठी हा फरक मोठा आहे. पण एका क्षेत्रातल्या सगळ्या वस्तूंना रुपयामागे एकच गुणांक लागतो. महागडा, वीस वर्षं टिकणारा पंखा घेणारा माणूस इथे स्वस्त पंखा घेणाऱ्यापेक्षा जास्त ‘दोषी’ ठरतो. टिकाऊ वस्तू आणि दुरुस्तीला उत्तेजन द्यायचं धोरण असेल, तर ही पद्धत उलटं उत्तर देईल.

खालून वर: घटकनिहाय हिशेब

इथे खर्च बाजूला ठेवून प्रत्यक्ष प्रमाणं गोळा करतात: विजेची युनिटं, इंधनाचे लिटर, प्रवासी-किलोमीटर, अन्नाचे टन, कचऱ्याचं वजन. प्रत्येकाला त्याचा गुणांक लावतात. विजेचं उदाहरण घ्या. १,००० युनिटं, प्रत्येकी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ०.७ टन. त्यातला साधारण ३०% वाटा समुद्र शोषतो असं धरून तो वजा केला की ०.४९ टन उरतो. जगातलं सरासरी जंगल हेक्टरी वर्षाला ०.७३ टन कार्बन साठवतं. ४४/१२ (कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन यांच्या वजनांचं गुणोत्तर) ने गुणलं की ते २.७ टन कार्बन डायऑक्साइड होतं. भागाकार ०.१८ हेक्टर, आणि जंगलाचा समतुल्य गुणांक, म्हणजे एका हेक्टरचे किती जागतिक हेक्टर, १.३ लावला की ०.२४ जागतिक हेक्टर.

दोन ठिकाणी हमखास घसरतं. कार्बन आणि कार्बन डायऑक्साइड यांची गल्लत झाली की उत्तर ३.६७ पट चुकतं. आणि मीटरवरची युनिटं घेतली, पण वहनातली गळती विसरली: १५% गळती असेल तर १,००० युनिटांसाठी १,१७६ निर्माण करावी लागतात, ०.२४ चे ०.२८ होतात. शिवाय ०.७३ हा आकडाच ±०.३७ इतक्या अनिश्चिततेसह दिलेला आहे. तिसऱ्या दशांशापर्यंत ठसा छापणाऱ्या अहवालावर म्हणूनच भरवसा ठेवू नये.

वस्तूंच्या उपभोगाची नोंद कुठेच नसते, म्हणून कचऱ्याच्या वजनावरून अंदाज बांधतात. फेकलेला कागद आजचा असतो, फ्रिज पंधरा वर्षांपूर्वीचा. जलद नाशवंत वस्तूंना हा अंदाज चालतो, टिकाऊ वस्तूंना विक्रीचे आकडे लागतात. इंधनाचंही तसंच. हमरस्त्यावरच्या पंपांची विक्री रहिवाशांच्या नावावर टाकू नका, वाहनांची नोंदणी आणि प्रवास सर्वेक्षण वापरा. अन्नाची वाहतूक अन्नात धरली असेल तर मालवाहतुकीतून ती काढा, पाणीपुरवठ्याची वीज एकाच रकान्यात ठेवा. अशी दुहेरी मोजणी शोधण्यात या पद्धतीचा निम्मा वेळ जातो. सहा महिने ते वर्ष धरून चाला.

एवढे कष्ट वसूल होतात का? लंडनचा २००२ चा घटकनिहाय अभ्यास पाहा. एकूण ठसा ४ कोटी ९० लाख जागतिक हेक्टर, शहराच्या क्षेत्रफळाच्या २९३ पट. पण कामाचं पुढे आहे: माल आणि कचरा ४४%, अन्न ४१%, रहिवाशांचा प्रवास अवघा ५%. कोणत्या खात्याकडे आधी जायचं हे अशा विभागणीतून कळतं.

नुसता कार्बन मोजला तर?

शहरांचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन मोजण्यासाठीचा जीपीसी हा जागतिक नियम-संच २०१४ पासून आहे आणि बहुतेक ठिकाणी तोच वापरला जातो. तो मुख्यतः हद्दीत होणारं उत्सर्जन मोजतो. कारखाना हद्दीबाहेर गेला की आकडा सुधारतो, माल मात्र तिथूनच येत राहतो. वीज, बस, इमारती, कचराभूमी यांच्या धोरणासाठी मात्र तो ठशापेक्षा चांगला, कारण मिथेन त्यात धरला जातो. ठशाच्या प्रमाणित हिशेबात फक्त कार्बन डायऑक्साइड असतो. पाण्याची टंचाई, मातीची धूप, विषारी प्रदूषण, प्लास्टिक यांतलं काहीच ठशात नीट उतरत नाही. प्रश्न पाण्याचा असेल तर वॉटर फूटप्रिंट, म्हणजे उपभोगामागे लागणाऱ्या पाण्याचा वेगळा हिशेब, काढा. ठशावर हे ओझं टाकू नका.

मग घ्यायचं काय

लोकांना परिस्थितीची जाणीव करून द्यायची आहे, किंवा इतर शहरांशी तुलना हवी आहे: वरून खाली पद्धत पुरेशी आहे. खरेदी धोरण आणि आयात मालाचा विचार असेल तर इनपुट-आउटपुट. ठराविक कृतीचा परिणाम दरवर्षी तपासायचा असेल, तर घटकनिहाय हिशेबाला पर्याय नाही. व्हँकुव्हरने २००६ च्या पातळीपेक्षा ठसा ३३% कमी करण्याचं लक्ष्य ठेवलं होतं. असं लक्ष्य ठेवणाऱ्याने ते कोणत्या पद्धतीने तपासणार हे त्याच ठरावात लिहायला हवं.

माणसं आणि वेळ दोन्ही कमी असतील, आणि ती बहुधा असतातच, तर आमची पसंती मिश्र मार्गाला आहे. एकूण आकडा दर पाच वर्षांनी वरून काढा. नगरपालिकेच्या हातात खरोखर असलेले दोन-तीन घटक, उदाहरणार्थ वीज, प्रवास आणि सार्वजनिक स्वयंपाकघरांतलं अन्न, दरवर्षी खालून मोजा. दोन्ही एकाच तक्त्यात मिसळू नका, बेरीज जुळणार नाही.

आणखी एक अट. राष्ट्रीय ठशाच्या प्रत्येक नव्या आवृत्तीत मागची सगळी वर्षं नव्याने मोजली जातात. २०१८ च्या आवृत्तीतला आकडा २०२३ च्या आवृत्तीतल्या आकड्याशेजारी ठेवला, तर दिसणारी घट धोरणाची नसून गुणांकांची असू शकते. आवृत्तीचं वर्ष, लोकसंख्येचा आधार, पर्यटक धरले की वगळले, हे तीन तपशील पहिल्या पानावर लिहा आणि तुलना करताना जुनी वर्षंही नव्या आवृत्तीतूनच घ्या.