मशीनचं डायलिसिस का घरचं पोटाचं?

गेवराईकडच्या एका भावानं विचारलंय, वडिलांना कोणतं डायलिसिस करायचं. डायलिसिस म्हंजी किडनी काम करीना झाली की रक्त साफ करायची सोय: मशीनचं सेंटरवर जाऊन, अन् पोटाचं घरीच, पोटात बसवलेल्या नळीतून द्रावण सोडून अन् काढून. आधी हे बगा की चांगली किडनी दिवसाला जवळपास 180 लिटर गाळती अन् त्यातलं 99 टक्के परत रक्तात घेती. हे दोन्हीतबी होत नाही, म्हणून दोन्हीतबी जपावं लागतं.

खर्च. मशीनचं महात्मा फुले योजनेत बसतं, पण आठवड्यातून तीनदा चार-चार तास, अन् गावाकडून एसटीनं जायचं म्हणलं की सोबतच्या माणसाची मजुरी बुडतीच. घरच्याला द्रावणाच्या पिशव्या दर महिन्याला लागतात, त्या योजनेत बसतात का आधीच विचारून घ्या.

पथ्य. मशीनवाल्याला दोन पाळ्यांच्या मधी पाणी साचतं, म्हणून प्यायचं मोजून, मोसंबी-नारळपाणीबी जपूनच (जालन्यात राहून मोसंबी नको म्हणणं अवघडच!). घरच्यात रोज होत असल्यानं जरा सूट मिळती, पण द्रावणात ग्लुकोज असतं, शुगरवाल्यानं ध्यान द्यावं.

धोका. मशीनसाठी हातातल्या नसा जोडून फिस्टुला करतात, त्या हातात डायलिसिस सोडून दुसरी ना सुई ना बीपीचा पट्टा. घरच्यात दोन लिटरची पिशवी दिवसातून तीन-चारदा बदलायची, हात नीट धुतले नाही तर पोटात इन्फेक्शन, निघालेलं पाणी गढूळ दिसलं की लगेच दवाखाना गाठायचा.

सेंटर जवळ अन् घरी करणारं कोणी नाही तर मशीन. सेंटर लांब, खोली स्वच्छ, सून-पोरगं हाताला पक्कं असंल तर पोटाचं. पोटाचं मोठं ऑपरेशन झालेलं असंल तर डॉक्टर बहुतेक मशीनच सांगतील.