डिपस्टिकवर ऑइल वाढत होतं: नऊ महिने, तीन सॅम्पल

गाडी बीएस-६ डिझेल. वापर घर ते ऑफिस, कोथरूडातल्या कोथरूडात, जेमतेम सहा किलोमीटर. गेल्या पावसाळ्यात सकाळी थंड इंजिनची डिपस्टिक पुसून पुन्हा घातली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. फडकं नाकाशी नेलं, सरळ डिझेलचा वास. फिटर म्हणाला, "साहेब, इंजिन ऑइल पीत नाही, मग टेन्शन कसलं?" पण इंजिनात ऑइल आपोआप वाढत नसतं.

७,२०० किमीला ऑइल बदललं तेव्हा लॅबला पाठवायला सॅम्पल घेतलं. इंजिन गरम असताना, पहिली धार सोडून, मधली धार कोरड्या बाटलीत. सोबत डब्यातलं कोरं ऑइलही पाठवलं, आणि तेच फार कामाला आलं.

रिपोर्टवर ऑइलमध्ये मिसळलेल्या इंधनासमोर 'दोन टक्क्यांपेक्षा कमी' आणि खाली 'समाधानकारक' असा शेरा. मला तो पटेना. कोऱ्या ५डब्ल्यू-३० ची १०० अंशांवरची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, १२.१ होती, वापरलेल्याची ९.१. ९.३ च्या खाली गेलं की ते ३० ग्रेडचं ऑइल राहतच नाही. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ऑइलची वाफ ज्या तापमानाला पेट घेते ते, २२८ अंशांवरून १७२ वर घसरलेला. ऑइल नुसतं झिजून पातळ झालं असतं तर फ्लॅश पॉइंट एवढा पडला नसता. दोन्ही एकदम पडले, म्हणजे डिझेल. लॅबनं तो इंधनाचा आकडा इन्फ्रारेडवरून अंदाजानं काढला होता. पैसे भरून गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी चाचणी, करायला लावली, आकडा आला ६.५ टक्के. शेरा वाचून गप्प बसलो असतो तर बेअरिंगांना महाग पडलं असतं.

सिलिकॉन कमी होतं, म्हणजे धूळ नाही. सोडियम-पोटॅशियम नगण्य, म्हणजे कूलंट नाही. इंजेक्टर टेस्ट बेंचवर लावून घेतले, गळत नव्हते. उरला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. त्यात साठलेली काजळी जाळायला इंजिन मुख्य फवाऱ्यानंतर उशिरा जादा डिझेल फवारतं. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीला चिकटतं आणि रिंगांवाटे खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. माझा प्रवास सहा किलोमीटरचा, जाळणं दर वेळी अर्धवट, की पुन्हा नव्यानं सुरू. आणि डिझेल उकळतं साधारण १८० ते ३६० अंशांना. शंभरेक अंशांच्या ऑइलमधून ते सहज उडून जात नाही.

मग सवय बदलली. गाडी उभी असताना इंजिनाचा आयडल नेहमीपेक्षा चढलेला दिसला किंवा मायलेज अचानक पडलं, की काजळी जाळणं चालू आहे असं समजून गाडी बंद करत नाही, कात्रजच्या बाजूला हायवेवर वीसेक मिनिटं काढतो. दर रविवारी साताऱ्याच्या दिशेनं एक चक्कर.

पुढचं सॅम्पल ६,९०० किमीचं, या वेळी थेट गॅस क्रोमॅटोग्राफी: इंधन २.१ टक्के, व्हिस्कॉसिटी ११, फ्लॅश पॉइंट २०४. इंजिनाची झीज दाखवणारं लोखंड ४६ पीपीएमवरून (दहा लाखांत ४६ भाग) ३१. हजार किलोमीटरमागे ६.४ वरून ४.५. एका जोडीवरून मी फार मोठा दावा करणार नाही, पण जीव भांड्यात पडला. मॅन्युअल काहीही म्हणो, ऑइल मी सात हजारालाच बदलणार. काल सकाळी डिपस्टिक पाहिली, ऑइल दोन खुणांच्या मधोमध होतं.