क्रूझचा विमा म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर रंगीत कागद मिळाला: बडोदेकरांनो, आपापले कागद आजच तपासा

२,८५,२३७ रुपये. 'तीनेक लाख' म्हणत नाही, कारण आकडा गोल केला की लोकांना वाटतं बाई वाढवून सांगतेय. विम्याचे म्हणून घेतलेले ९,७००, जहाजावरच्या दवाखान्याचे ९१,५३५, मलेशियातल्या पेनांगच्या हॉस्पिटलचे १,६२,७०२, आणि जहाज आम्हाला तिथेच ठेवून पुढे गेल्यावर पेनांगहून सिंगापूरला यायच्या दोन तिकिटांचे २१,३००. बेरीज करून बघा. जहाजावरच्या खोलीचे भरलेले आणि न राहिलेल्या रात्रींचे पैसे मी यात धरलेलेच नाहीत.

विम्याचे पैसे घेणारा एजंट परका असता तर एक वेळ समजलं असतं. दांडिया बाजारात ऑफिस, गणपतीत मंडळाच्या मांडवात सगळ्यांत पुढे, मला काकू आणि यांना काका. नाव लिहीत नाही, वकिलांनी तसं बजावलंय. ज्यांनी त्याच्याबरोबर सिंगापूर क्रूझ केली त्यांना नाव लागणारही नाही.

'विमा ऑनलाइन का नाही घेतला?' हे कृपा करून विचारू नका. पुण्याहून मुलगा, शेजारचे, बँकेतले, सगळे विचारून झाले. मी बघितलं होतं ऑनलाइन. हे एकाहत्तरचे, साखर आहे, बीपी आहे. फॉर्ममध्ये आजार खरे भरले की यांच्या एकट्याच्या विम्याचा आकडा ६,८०० च्या पुढे जायचा, आणि एवढं देऊनही खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की आधीपासूनच्या आजारात फक्त जीवावर बेतलं तरच पैसे मिळतील. हा म्हणाला, "काकू, ऑनलाइनवाले क्रूझ धरतच नाहीत. जहाज म्हणजे वेगळी रिस्क. मी ग्रुपमध्ये क्रूझ रायडर टाकून देतो, तुम्ही दोघं ४,८५० प्रमाणे द्या." रायडर म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा कव्हर.

यातलं अर्धं खरं होतं, तिथेच तर घोळ झाला. परदेश प्रवासाच्या साध्या पॉलिसीत जहाजाच्या खास गोष्टी बहुधा नसतात. वादळामुळे एखादं बंदर वगळलं, जहाजाच्या डॉक्टरने खोलीतच बसून राहायला लावलं, विमान उशिरा आलं आणि जहाज निघून गेलं, तर त्याचे पैसे वेगळं क्रूझ कव्हर असेल तरच मिळतात. आपला भारतातला मेडिक्लेम तर सहसा देशाबाहेर चालतच नाही. हे मी वाचलेलं होतं, म्हणून त्याचं बोलणं पटलं. काही माहीत नसतं तर कदाचित वाचले असते!

पैसे यूपीआयने त्याच्या स्वतःच्या नावाच्या खात्यावर गेले. हो, स्वतःच्या नावाच्या. दुधाचे, भाजीचे, क्लासचे, सगळे पैसे आपण माणसाच्या नावावरच पाठवतो, यात तेव्हा खटकण्यासारखं काय होतं? आता कायदा पाठ झालाय. हप्ता कंपनीकडे आगाऊ पोचल्याशिवाय कंपनीची जबाबदारीच सुरू होत नाही, १९३८ च्या विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी. एजंटने तुमचा हप्ता घेतला तर तो चोवीस तासांत कंपनीत भरायचा असतो, फक्त बँकेच्या आणि पोस्टाच्या सुट्ट्या वगळून. म्हणजे पैसे कंपनीच्या लिंकवरच भरा किंवा कंपनीच्या नावाने चेक द्या. एजंट 'मला टाका, मी भरतो' म्हणाला की उठून या. तो कितीही आपल्यातला असला तरी.

आता तो क्षण, ज्यासाठी मला अजून रात्री जाग येते. बरोबर माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान होते, दोघंही साठीच्या आसपास, त्यांचे १,९०० प्रमाणे घेतलेले. चौघांच्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर आल्या. मी रावपुऱ्यात जाऊन रंगीत प्रिंट काढल्या आणि घरी डायनिंग टेबलवर चारही कागद शेजारी शेजारी ठेवून पॉलिसी नंबर डायरीत उतरवायला घेतले. नोकरी सगळी अकाउंट्समध्ये गेली, नंबर उतरवणं हातातच बसलंय. यांचा नंबर लिहिला, माझा लिहिला, तर दोन्ही एकच. पुढे मेहुण्यांचा लिहिला, तोही तोच. बहिणीचा मात्र वेगळा.

लगेच फोन केला, आणि हे मी ठासून सांगतेय. दुर्लक्ष केलं नाही. तो हसला. "काकू, ते फॅमिली फ्लोटर आहे. एका नंबरवर सगळी फॅमिली येते." आणि मी, जन्मभर दुसऱ्यांची व्हाउचर तपासलेली बाई, "अच्छा अच्छा" म्हणून फोन ठेवला.

कसली फॅमिली? मी, माझा नवरा आणि माझ्या बहिणीचा नवरा, आणि त्यातून बहीणच बाहेर? असलं कुटुंब कोणत्या रेशनकार्डावर बसतं? पण फ्लोटर पॉलिसी खरंच असते, आम्ही मेडिक्लेममध्ये पाहिलेली आहे. त्याने शब्द असा फेकला की पुढचा प्रश्न विचारताना मलाच अडाणी असल्यासारखं वाटलं. एजंटशी बोलताना कधी असं वाटलं तर थांबा आणि पुढचे दहा प्रश्न विचारा. त्याच कागदावर क्यूआर कोड होता. मोबाइल समोरच टेबलावर होता. स्कॅन केला असता तर मेहुण्यांचं नाव उघडलं असतं. करायचं सुचलं नाही, कारण कागदावर छापलेलं नाव माझंच होतं.

झालं होतं ते असं. बहिणीची आणि मेहुण्यांची पॉलिसी खरी, सगळ्यात स्वस्तातली, क्रूझचा शब्दही नसलेली. मेहुण्यांच्या पीडीएफवर आमची नावं, जन्मतारखा आणि पासपोर्ट नंबर चिकटवून आमच्या दोघांच्या 'पॉलिसी' तयार झाल्या. सत्तरीच्या, साखरेच्या माणसाचा हप्ता भरायला नको, कंपनीचे प्रश्न नकोत, ९,७०० खिशात. हप्त्याच्या रकान्यातला आकडा बदलायचे कष्टही त्याने घेतले नाहीत. आमच्या कागदावर छापील हप्ता १,६४८ आणि घेतलेले ४,८५०. त्याबद्दलही मी विचारलं होतं. "बाकीचं रायडर आणि सर्व्हिस चार्ज."

जहाजावर काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण ते आठवायचं नाही. पेनांगच्या आदल्या रात्री यांना घाम आला, छातीत धडधड. जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर चांगले होते, इसीजी काढला, रक्त तपासलं, रात्रभर मॉनिटरवर ठेवलं. पण तिथे कॅशलेस वगैरे काही नसतं. बिल सरळ खोलीच्या खात्यावर चढतं आणि ते खातं तुमच्या कार्डाला जोडलेलं असतं. १,३४० सिंगापूर डॉलर. खरा विमा असला तरी हे आधी आपणच भरायचे आणि घरी आल्यावर क्लेम करायचे, म्हणून मी कागदन्‌कागद जपून ठेवला होता. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाचे ठोके अनियमित आहेत, पुढे समुद्रात नेता येणार नाही, इथेच उतरा. ते योग्यच होतं.

पेनांगच्या हॉस्पिटलने भरतीआधी विचारलं, विमा आहे का? मी मोठ्या ऐटीत प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून रंगीत कागद काढला. त्यावर छापलेला मदतीचा नंबर खऱ्या कंपनीचा होता, म्हणून फोन लागलाही. पलीकडच्या मुलीने नंबर घेतला, पासपोर्ट घेतला, थोडा वेळ गाणं ऐकवलं आणि म्हणाली, "मॅडम, या पॉलिसीवर तुमचं किंवा तुमच्या मिस्टरांचं नाव नाही." कोणाचं आहे ते सांगायला तयार नाही, गोपनीयता! मेहुण्यांनी जहाजावरून फोन केला तेव्हा उलगडलं. हे स्ट्रेचरवर, काउंटरवरची बाई कार्डाची वाट बघतेय, आणि नवा विमा तिथून घेता येत नाही, कारण परदेश प्रवासाची पॉलिसी भारत सोडण्यापूर्वीच घ्यावी लागते. ७,८६० रिंगिट. कार्डावर वर साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परदेशी चलनात खर्च केल्याचा जादा आकार, तो वेगळाच जाच.

बडोद्याला आल्यावर आधी तो म्हणाला सिस्टमचा एरर. मग म्हणाला वरच्या एजंटने त्यालाच फसवलं. मग ५,००० रुपये पाठवून मेसेज केला, "काकू, घरचं समजून घ्या." ते ५,००० मी त्याच दिवशी परत केले. कोणी अशी अर्धीमुर्धी रक्कम दिली तर ठेवून घेऊ नका, नंतर 'मिटलं होतं' म्हणतात. चॅट, पीडीएफ, यूपीआयची पावती यांचे स्क्रीनशॉट आधी काढा आणि मगच भांडा. माझं भांडण झाल्यावर त्याने अर्धे मेसेज डिलीट केले. नशिबाने चॅटची एक प्रत मुलाच्या फोनवर होती.

आणि आता आपली यंत्रणा. पोलीस चौकीत साहेबांनी कागद उलटासुलटा केला आणि म्हणाले, "बेन, आ तो सिविल मॅटर कहेवाय. अरजी आपी जाव." बनावट कागद करून पैसे घेणं दिवाणी कधीपासून झालं? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे, फसवण्यासाठी बनावट दस्तऐवज करायला ३३६ आहे, दोन्हींत सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे मी वाचून गेले होते आणि बोललेही. त्यावर उत्तर मिळालं, "तमे वकील छो?" अर्ज घेतला. अर्जाची पोच मागितली तर शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली कोणातरी भाईंकडे, जे बंदोबस्तावर. बंदोबस्त संपल्यावर गेले तर माझा अर्ज दुसऱ्या चौकीकडे पाठवलेला, कारण एजंटचं ऑफिस त्यांच्या हद्दीत. दुसऱ्या चौकीचं म्हणणं, पैसे तुमच्या घरून पाठवलेत ना, मग तुमचीच चौकी. यूपीआय करताना मी खुर्चीवर बसले होते की झोपाळ्यावर, तेवढं विचारायचं राहिलं.

विमा कंपनी म्हणते, पॉलिसी आमची नाही तर तक्रारही आमची नाही. अहो, लोगो तुमचा, नंबर तुमचा, क्यूआर तुमचा! हा माणूस तुमचा नोंदणीकृत एजंट आहे का, एवढं तरी सांगा. तर म्हणे ते लेखी विचारा. लेखी विचारलं. उत्तर आलं, "आपली विनंती आमच्यासाठी महत्त्वाची आहे." विम्याच्या तक्रारीचा ऑनलाइन फॉर्म भरावा तर तो पॉलिसी नंबर मागतो. आमच्या खोट्या कागदावरचा नंबर घातला की मेहुण्यांची पॉलिसी उघडते आणि तक्रार फिरून त्याच कंपनीकडे जाते. विमा लोकपालाचं काम विमा कंपनी, ब्रोकर, एजंट यांच्याविरुद्धच्या तक्रारींचं. ज्यांची पॉलिसी खरी आहे आणि क्लेम नाकारलाय त्यांनी तिथे जरूर जावं. आधी कंपनीला लेखी तक्रार, महिनाभर वाट, मग लोकपाल. फी नाही, आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा देता येतो. माझ्याकडे मात्र खोटी पॉलिसी, म्हणजे मी कोणाचीच ग्राहक नाही. विमा नसलेल्या माणसाला विम्याबद्दल तक्रार करता येत नाही म्हणे!

१९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर पैसे गेल्या गेल्या फिरवायचा असतो, म्हणजे समोरच्याच्या खात्यात रक्कम अडवता येते. आमचे पैसे जाऊन आठवडे झाले होते. तुमचे काल गेले असतील तर हे वाचत बसू नका, आधी फोन करा.

शेवटी वकिलांच्या सल्ल्याने जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, हे बरं. तारीख पडली आहे.

क्रूझला निघणार असाल तर कागदावर 'क्रूझ' हा शब्द स्वतः शोधा. यूआयएन म्हणून त्या विमा योजनेचा ओळख नंबर असतो, तो कंपनीच्या साइटवर जुळवा. जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, आजार, सगळं तुमचंच आणि खरं लिहिलंय ना ते बघा. आजार लपवून स्वस्त मिळालेली पॉलिसी खरी असली तरी क्लेमच्या वेळी खोट्यासारखीच वागते. कंपनीच्या नंबरवर निघण्याआधी घरून फोन करून 'माझं नाव आहे का' एवढं विचारा. खऱ्या पॉलिसीचा मेसेज आणि मेल कंपनीकडून येतो. फक्त एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली पीडीएफ म्हणजे काहीच नाही.

ग्रुपमध्ये आमच्यासारखी आणखी ज्येष्ठ जोडपी होती. परत आल्यावर मी एकेकीला फोन करून क्यूआर स्कॅन करायला लावला. कारेलीबागच्या दोघांचे कागदही तसलेच निघाले. मांजलपूरच्या वहिनींचाही. म्हटलं, चला, मिळून सह्या करू, एकटीचा अर्ज कोणी वाचत नाही. कारेलीबागवाले म्हणाले, "आम्हाला तर काही झालं नाही, कशाला उगीच?" वहिनींनी फोन यजमानांकडे दिला. ते म्हणाले, मुलगा चांगला आहे हो, चूक कोणाची होत नाही? त्याने आता व्हिएतनामची टूर काढली आहे, स्टेटसला रोज फोटो असतात. वहिनींचे पैसे भरून झालेत, विम्यासकट.