‘टॅली हलकी करून देतो’ म्हणणाऱ्यापासून जपा

मार्च संपला की नागपूरच्या इतवारी-गांधीबागेतल्या ठोक दुकानांत हा माणूस हमखास येतो. टॅली, म्हणजे दुकानाचा हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर, हळू चालते म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं: “जुनी वर्षं काढून टाकू ना भाऊ, तासाभरात हलकी होते.” पैसे थोडेच सांगतो आणि मुनीम जेवायला गेला की काम उरकतो.

करतो काय, तर जुन्या वर्षांची व्हाउचरं (व्यवहारांच्या नोंदी) सरळ डिलीट. रिपोर्ट झटकन उघडतो, मालक खूश. पण लेजरमधली (खात्यातली) ओपनिंग, म्हणजे सुरुवातीची शिल्लक, असते पुस्तकं सुरू केली त्या तारखेची. मधल्या नोंदी गेल्या की दर १ एप्रिलला पुढे येत गेलेली शिल्लकही गेली. जुनं बिल उडालं आणि त्याची नंतर आलेली रक्कम राहिली, तर उधारीच्या यादीत गिऱ्हाइकाचेच पैसे आपल्याकडे निघतात. खरेदी गेली, विक्री राहिली, तर माल वजा दिसतो. हे झाकायला तो काही खात्यांची ओपनिंग हाताने बसवतो. ताळेबंदात ओपनिंगमधल्या फरकाची ओळ आली, तर हात कुठे फिरलाय ते कळतं.

खरी कमाई पुढे. जाताना कंपनीच्या डेटाचं मूळ फोल्डर पेनड्राइव्हवर नेतो आणि दुकानात ‘बॅकअप’ नावाचं रिकामं फोल्डर ठेवतो. किंवा टॅलीव्हॉल्टचा, म्हणजे डेटाला कुलूप लावायच्या टॅलीतल्याच सोयीचा, पासवर्ड लावतो. मग कंपनीच्या नावाजागी फक्त फुल्या दिसतात, आणि तो पासवर्ड कोणालाही परत काढता येत नाही. रिटर्नच्या आठवड्यात त्याचा फोन येतो, रक्कम तोच ठरवतो.

वर्षं वेगळी करायची सोय टॅलीतच आहे: स्प्लिट. आधी बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोर करून उघडून पाहा. न उघडलेला बॅकअप जमेस धरू नका. मग डेटा व्हेरिफाय करा (टॅलीकडूनच चुका तपासून घ्या), अर्धवट राहिलेली बिलं आणि परकीय चलनातला फरक मिटवा. तारीख १ एप्रिलच द्या. स्प्लिटने नव्या कंपन्या तयार होतात, मूळ तशीच राहते. ३१ मार्चची तेरीज (ट्रायल बॅलन्स), येणी-देणी आणि स्टॉक नव्या कंपनीच्या ओपनिंगशी जुळल्याशिवाय मूळ हलवू नका. (टॅली हळू चालण्यात कित्येकदा दोष डेटाचा नसतोच; जुनी हार्डडिस्क किंवा ढिली नेटवर्क केबल असते.)

मूळ डेटा पुसायची घाईही नको. जीएसटीत वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब ठेवावा लागतो. २०२०-२१ च्या रिटर्नची मुदत २८ फेब्रुवारी २०२२ होती, म्हणजे ते वर्ष फेब्रुवारी २०२८ पर्यंत हवंच. अपील चालू असेल तर आणखी लांबतं. प्रायव्हेट लिमिटेडला आठ आर्थिक वर्षं.

फोल्डरच डिलीट झालं असेल तर त्या डिस्कवर काही कॉपी करू नका, मशीन बंद करा. साध्या हार्डडिस्कवरून फाइल परत मिळू शकते, एसएसडीवर आशा कमी. सीएच्या ऑफिसात ऑडिटसाठी दिलेली प्रत आहे का ते आधी विचारा, बहुतेकदा तीच कामाला येते. पैशांची मागणी झाली तर व्हॉट्सअॅपचे मेसेज न पुसता १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा.