लष्कर आणि समाज, वीकेंड कोर्स, नौपाडा (ठाणे) – जावं का?

रेटिंग 5 पैकी 4. रणगाडे, तोफा, युद्धाच्या स्टोऱ्या ऐकायच्या असतील तर सरळ स्किप करा, हा कोर्स मानववंशशास्त्राचा आहे, म्हणजे पलटणीत माणसं कुठून येतात, तिथे त्यांचं काय होतं आणि पेन्शन घेऊन गावी आल्यावर काय होतं, बस. आमचे सासरे फौजी, त्यामुळे मला इंटरेस्ट होताच.

सगळ्यात भारी झालं ते भरतीचं सेशन. 1857 नंतर इंग्रजांनी अमुक जाती लढाऊ आणि तमुक नाहीत असं ठरवून टाकलं आणि 1890 च्या दशकात महारांची भरतीच बंद केली, हे आपल्याला वरवर माहीत असतं हो, पण मॅडमनी कोरेगाव भीमाच्या स्तंभावरची नावं स्क्रीनवर झूम करून दाखवली, एकाखाली एक, शेवटी 'नाक' लागलेली म्हणजे महार शिपायांची, लढाई 1818 ची. ज्यांची नावं ईस्ट इंडिया कंपनीने दगडात कोरली त्यांनाच पुढे लढायला नालायक ठरवलं! मग 1941 ला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तोच स्तंभ टोपीच्या बिल्ल्यावर आला, नंतर त्याजागी खंजीर आला, आणि आता तर रेजिमेंटमध्ये सगळ्याच जातींचे जवान असतात. एका बिल्ल्यावर एवढा वेळ गेला तरी कोणी मोबाईल काढला नाही.

साताऱ्याचं अपशिंगे मिलिटरी पण घेतलं, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण मारले गेले. घरटी फौजी हा अभिमान आहेच, पण कोरडवाहू शेतीत महिन्याला पगार येणारी दुसरी नोकरी होती कुठे, हेही मॅडम स्पष्ट बोलल्या. काहींना ते झोंबलं, मला पटलं.

एक दिवस रिटायर सुभेदार काका आले होते. जवानांचा देव तोच साहेबाचा देव, शीख पलटणीत मराठी ऑफिसर पण गुरुद्वारात जातो, बडा खान्याला, म्हणजे पलटणीच्या मेजवानीला, साहेब-जवान सगळे एकत्र जेवतात वगैरे मस्त रंगवून सांगितलं. मागून एकाने विचारलं, मग एरवी मेस वेगळी का? काका नुसते हसले आणि चहा मागवला 😄

एक स्टार कापला तो अग्निवीरसाठी. 2022 पासून भरती चार वर्षांची झाली, जास्तीत जास्त 25 टक्के पोरं पुढे कायम राहणार, म्हणजे फौजी जावई म्हणून मुलगी देणारे बाप आता काय विचार करत असतील, गावातल्या भरती अकॅडम्यांचं काय, खरा अभ्यासाचा विषय तर हाच आहे ना? तो शेवटी दोन स्लाइडमध्ये उरकला.

बाकी फी जरा जास्त, खुर्च्या प्लास्टिकच्या, पार्किंग विसरा, स्टेशनवरून चालत या. नोट्स मेलवर पाठवतो म्हणाले होते, अजून आल्या नाहीयेत.