लॉक आर्डची घळ: दिवसाची बस की एक रात्र मुक्काम?

गोव्यातून मेलबर्नला मुलांकडे जाणारे बहुतेकजण मे महिन्यात नाहीतर नाताळात जातात. तिथून पश्चिमेला समुद्रकाठी असलेली लॉक आर्डची घळ पाहायला दिवसाची बस घ्यावी की गाडी काढून मुक्काम करावा, हे खिशापेक्षा या महिन्यावरच जास्त ठरतं. मेमध्ये तिथे सूर्य साडेपाचच्या आसपास मावळतो, डिसेंबरात पावणेनऊला.

बस सकाळी साडेसात-आठला सुटते आणि बारा-तेरा तासांनी परत आणून सोडते. किनाऱ्याच्या रस्त्याने मेलबर्नपासून घळीपर्यंत साधारण 275 किलोमीटर पडतात. लोर्न ते अपोलो बे हा पट्टा वळणांचा आहे, तेव्हा उलटीची गोळी बसमध्ये चढण्याआधी घ्या. मळमळायला लागल्यावर ती उपयोगाची नाही. जाताना समुद्र डाव्या हाताला असतो. सगळे थांबे करत गाडी ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’ला, म्हणजे समुद्रात उभ्या चुनखडीच्या सुळक्यांपाशी, पोचते तोवर दुपार कलते, आणि तीनेक किलोमीटर पुढच्या घळीला उरतो अर्धा-पाऊण तास. तेवढ्यात पायऱ्या उतरून वाळूवर जाऊन यावं आणि फोटो काढावेत, बस्स. काही बसगाड्या आतल्या रस्त्याने उलट्या जातात, त्यांना दुपारची गर्दी टळते. बसच घ्यायची तर हीच निवडा.

पण घळ नीट पाहायला दीड-दोन तास हवेत, कारण खरी गोष्ट वाळूवर कमी आणि वरच्या पायवाटांवर जास्त आहे. 1 जून 1878. (आपल्याकडे हल्ली ट्रॉलर-बंदी लागते तीच तारीख.) इंग्लंडहून निघालेल्या ‘लॉक आर्ड’ जहाजाला धुक्यात केप ऑटवेच्या दीपगृहाचा दिवा दिसलाच नाही. पहाटे धुकं हटलं तेव्हा कडे समोर उभे. नांगर टाकले, ते धरले नाहीत, आणि जहाज मटनबर्ड बेटाच्या खडकावर आपटलं. 54 जणांपैकी टॉम पियर्स आणि इव्हा कारमायकल हे दोघेच वाचले, लाटांनी याच घळीत आणून टाकलेले. वर छोटी दफनभूमी आहे. सापडलेले चार मृतदेह तिथे पुरले. तिथून बेट दिसतं तिथवर चालत गेलं की अंतर किती थोडं होतं ते कळतं. बसवाल्यांचं नेमकं हेच राहून जातं.

मुक्काम पोर्ट कॅम्पबेलला करा, घळीपासून जेमतेम दहा किलोमीटर. संध्याकाळ आणि भल्या सकाळची वेळ, दोन्ही हाती लागतात. उन्हाळ्यात सांजवेळी मटनबर्ड पक्ष्यांचे थवे बेटावर उतरतात. मेपर्यंत ते उत्तरेकडे निघून गेलेले असतात, तेव्हा त्यांच्यासाठी मेमध्ये थांबू नका. दुसऱ्या दिवशी वॉर्नाम्बूल गावातल्या फ्लॅगस्टाफ हिल या जहाजांच्या संग्रहालयाला जाता येतं. या जहाजातून धडधाकट निघालेला मिंटन या इंग्लिश कारखान्याचा चिनीमातीचा मोर तिथे ठेवला आहे.

गाडी तिथेही डावीकडूनच चालवायची. इंग्रजीतला परवाना पर्यटकाला चालतो, पण भाड्याच्या करारातली रात्रीच्या गाडीची अट वाचून घ्या: अंधार पडताना कांगारू रस्त्यावर येतात आणि काही कंपन्या त्या नुकसानीचा विमा देत नाहीत. पेट्रोल अपोलो बेला भरा आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा, ऑटवेच्या जंगलात रेंज जाते. परतताना कोलॅकमार्गे आतला रस्ता धरला तर सुमारे तीन तासांत मेलबर्न.

जांभ्याच्या कड्याची सवय इथे धोक्याची. ही चुनखडी खालून लाटांनी पोखरलेली असते. वरून भक्कम दिसणारी कड आतून पोकळ निघते, म्हणून कठड्यापलीकडे पाऊल नको. घळीतलं पाणी शांत दिसलं तरी पोहायला उतरू नका. दरड सैल झाली की पायऱ्या बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी तिथली उद्यानं सांभाळणाऱ्या पार्क्स व्हिक्टोरिया या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरची सूचना बघा.

नाताळात वेळ एकाच दिवसाचा असेल तर उलट मार्गाची बस चालेल. मेमध्ये मात्र मुक्कामच, आणि सोबत वारा अडवणारं जाड जाकीट. पणजीच्या जानेवारीतला स्वेटर तिथे पुरत नाही.